दोन धारांमधला पिक्चर

सकाळची धार काढून झाली की संध्याकाळच्या धारंपतूर बाईमाणसाला जरा येळ मिळतोय. त्यात बाकीच्या बायका पडत्यात, पापड लाटत्यात, न्हायतर दुसऱ्याच्या सुनंचं वाईट बोलत्यात. मी आणि अंजना हाँगकाँगच्या गुंडांची पिक्चरं बघतो.

मी म्हंजे तानाबाई. सगळं गाव आक्का म्हणतंय. वय अठ्ठावन्न, म्हशी चार, गुडघे दोन आणि दोन्ही कामातनं गेलेले. आमचं गाव गडमुडशिंगीच्या पुढं. गावच्या दूध संस्थेत मी महिला राखीवमधनं संचालक हाय. आणि 'मी बघतो, मी गेलो' असं बोलतो म्हणून मला बाप्या समजू नका. आमच्याकडं बायका अशाच बोलत्यात. पुण्याला लेक दिलीया, तिच्या सासूला ह्याचं लई हसू येतंय. येऊ दे. तिला एका म्हशीची धार काढून दाखीव म्हणावं.

अंजना कांबळे माझ्याच संस्थेत संचालक, राखीव जागेवरनं, लागोपाठ तिसऱ्यांदा. माझ्यापेक्षा नऊ वर्सांनी धाकटी. नवरा एसटीत कंडक्टर, पोरगा प्रसेनजीत पुण्यात कंप्युटरवर कामाला. एकदा संस्थेच्या प्रोसिडिंगवर माझी सही घ्यायला दुपारची आली. टीव्हीवर मालिका चाललीती, त्यात एक बाई चौथा आठवडा एकाच जिन्यावर उभी राहून रडतीया. अंजनानं पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "आक्का, पोरानं पेन ड्राईव्हवर कायतरी दिलंय. लावू काय?" मी म्हटलं, "रडणारं नसंल तर लाव."

रडणारं नव्हतं. पयल्याच मिनिटाला एकाचा हात तुटला.

ती भाषा चिनी न्हवं, कँटोनीज हाय, असं प्रसेनजीतनं आम्हाला दोनदा सांगितलं. आम्ही दोनदा बरं म्हटलं. खाली इंग्रजीत अक्षरं येत्यात, ती अंजना वाचती आणि मला सांगती. मी तोवर शेंगा सोलतो. पिक्चर चालू असताना संस्थेचा विषय काढायचा न्हाय, येवढा एकच नेम.

काय असतंय ह्या पिक्चरात? एक टोळी असती. टोळीचा म्हातारा चेअरमन मरतोय न्हायतर जेलात जातोय. मग पुढचा चेअरमन कोण, ह्यावर दीड तास सत्तूर चालत्यात. संपलं. कोण डोंगरावर उभा राहून विचार करत बसत न्हाय, आणि शेवटाला कोण काय शिकत न्हाय. खर्च केलेला कुठं दिसत न्हाय. एकच पांढरी गाडी सगळ्या पिक्चरात; एकात जाळली की दुसऱ्यात परत हजर. रगत म्हंजे मिसळीचा कट, लालभडक आणि वर तेल तरंगतंय. आणि जेवत्यात किती. एखाद्याला मारायचा हुकूम द्यायचा तर आधी भात, मग बदक, मग हुकूम, मग परत भात. मला ही माणसं लई आवडत्यात. कामाची माणसं हाईत, तोंड वाकडं करून बसत न्हाईत.

त्यात गालावर तीळ असलेला एक बारका गुंड हाय. प्रत्येक पिक्चरात असतो आणि प्रत्येक पिक्चरात मरतो. कधी जिन्यावरनं ढकलत्यात, कधी मासळीबाजारात बर्फात घालत्यात. एकदा त्यो पंचेचाळीस मिनिटं जगला, तवा आम्ही चहात साखर जास्ती घातली. अंजना म्हणती, त्येचं घर ह्या मरणावरच चालत असणार. मलाबी तसंच वाटतंय.

अंजना दीडला यायची, चारला जायची. माझ्याच सोप्यात, म्हंजे भाईरच्या खोलीत, माझ्याच टीव्हीवर. ह्याला बरीच वर्सं झाली. मालक गेल्यावर घर खायला उठलंतं, त्ये ह्या बाईनं आणि त्या गुंडांनी गप्प बसवलं. तिच्यावाचून मला दुपार काढवत न्हाय. ह्ये मी तिला कधी बोललो न्हाय, पण खरं हाय.

तर औंदा चेअरमनकी लागली.

आम्ही संचालक अकरा. राजवीर म्हणून आमच्या मालकांच्या चुलतभावाचा पोरगा हाय, मला काकी म्हणतो. वय चौतीस, पांढरा शर्ट, आणि शर्टाला इस्त्री अशी की बसतानाबी वाकत न्हाय. त्येला चेअरमन व्हायचंतं. त्यानं सहाजण धरली: त्यो सोता, मी, केरबा, जोतीराम, विजयसिंह आणि सम्राट. सहा म्हंजे बहुमत. आता आमच्याकडं बहुमत झालं की त्येला सहलीला न्हेत्यात. सहल म्हंजे पळवून लपवून ठेवायचं, खरं मटण घालून.

निघायच्या आधी बिरोबाच्या देवळात गेलो. तितं सगळ्यांनी मुठीत भंडारा घेऊन शपथ घ्यायची, की मत राजवीरलाच. भंडारा उचलला म्हंजे देवाच्या म्होरं शबूद दिला. सगळ्यांनी उचलला, मीबी उचलला. समोरनं तवर कोणच उभं नव्हतं, त्यामुळं मला त्यात काय वावगं वाटलं न्हाय.

आंबा घाटाच्या अलीकडं, शाहूवाडीच्या बाजूला, एका रिसॉर्टवर ठेवलंतं आम्हाला. गेल्या गेल्या राजवीरनं सगळ्यांचे फोन काढून घेतले, दुधाच्या किटलीत टाकले आणि झाकणाला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी किटली दिवसभर वाजत होती. सम्राटची बायको असणार, ती सोडायची न्हाय. टीव्हीवर डोंगरामुळं एकबी चॅनेल दिसंना. पाच बाप्ये मटण खाऊन एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले. मला कीव आली. पिशवीत पेन ड्राईव्ह होता.

"काय हाय आक्का?" केरबानं विचारलं. केरबा सत्तर वर्साचा, संस्थेत सगळ्यात जुना.

"चेअरमनकीचं हाय," मी म्हटलं. "बघा, आवडंल."

इंग्रजी वाचायला अंजना नव्हती, पण गरज पडली न्हाय. टोळीतली म्हातारी माणसं टेबलाभवती बसून चहा पेत होती आणि पुढचा चेअरमन ठरवत होती. केरबा खुर्ची वडून टीव्हीपाशी गेला.

"ह्यो शाणा हाय," त्यो एका म्हाताऱ्याकडं बोट करून म्हणाला. "ह्यो दोन्हीकडचं खातोय."

"तुला कसं कळलं?" जोतीराम म्हणाला.

"चहा कुणाला आधी वततोय बघ की."

पयल्या दिवशी दोन पिक्चरं झाली, दुसऱ्या दिवशी चार. पिक्चरात देवाच्या लाल तोंडाच्या मूर्तीम्होरं उदबत्ती लावून सगळी भावाभावाची शपथ घेत्यात आणि तासाभरात एकमेकांला पोत्यात घालत्यात. हे बघून सम्राट म्हणाला, "आपल्यागतच की." कोण हसलं न्हाय. मग मी बघितलं, जेवताना जोतीराम ताट उचलून जागा बदलून बसला, राजवीरकडं पाठ नको म्हणून. विजयसिंहानं केरबाला आधी चहा दिला, तर सम्राट त्येच्याकडं दहा मिनिटं बघत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपतूर चौघांपैकी प्रत्येकजण मला एकेकट्यानं भेटून गेला. प्रत्येकाचा सवाल एकच. "आक्का, त्या पिक्चरात त्यो मधला माणूस दुसऱ्याला चेअरमन का करतोय? सोताच का हुईत न्हाय?"

"हुतोय की," मी म्हटलं. "आधी ह्येला पाडतोय, मग पुढच्या टायमाला हुतोय."

मी आपलं पिक्चराचं सांगत होतो. चौघंबी मान हलवून गेले.

राजवीर तेवढा पिक्चर बघत नव्हता. त्यो भाईर सत्काराचं भाषण पाठ करत हिंडत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी जीपनं आम्हाला थेट संस्थेच्या दारात उतरवलं. आणि तितं मला कळलं, की समोरनं अंजना उभी हाय. पलीकडच्या पाचजणांत हरायला कोणच तयार नव्हतं. म्हणून हरायला तिला पुढं केलंतं.

ती आत खुर्चीवर बसलीती. नवी साडी, मांडीवर पिशवी. मला बघून हसली. दुपारी दाराशी चप्पल काढताना हसती तशीच.

निवडणुकीचा साहेब आलता. त्यानं चिठ्ठ्या वाटल्या, दोन नावं, एकापुढं फुली मारायची. एकेकानं कपाटामागं जायचं. माझी पाळी आली. कपाटामागं मला बघायला कोणबी नव्हतं. एक बंद पडलेला पंखा होता आणि मी होतो. मी राजवीरच्या नावापुढं फुली मारली, चिठ्ठीची घडी घातली आणि डब्यात टाकली.

निकाल लागला. अंजना नऊ, राजवीर दोन.

साहेबानं दोनदा मोजलं. राजवीरच्या शर्टाला पयल्यांदा सुरकुती पडलेली मी बघितली. भाईर गुलाल राजवीरच्या नावानं आणलाता, त्योच अंजनावर टाकला.

त्या दिवशी चार वाजेपतूर केरबा, जोतीराम, विजयसिंह आणि सम्राट, चौघंबी एकामागनं एक राजवीरकडं जाऊन आले. चौघांनीबी गळ्याची आण घेऊन सांगितलं, "त्ये दुसरं मत माझंच." राजवीरनं चौघांस्नीबी मिठी मारली. मग त्यानं डोकं चालवलं. एक मत त्येचं सोताचं. एक ह्या चौघांतल्या कुणाचं तरी. आणि सगळ्यांत पक्की फितूर कोण, तर अंजनाची मैत्रीण, म्हंजे मी. त्ये बिचारं तरी काय करणार, मोजायला गेलं की तसंच येतंय.

दुसऱ्या दिवशी दीडला अंजना आली. चेअरमन झाली तरी दीडलाच आली. संग पेढ्याचा बॉक्स होता आणि प्रसेनजीतनं धाडलेला नवा पिक्चर. लावला. तीळवाला चौथ्या मिनिटाला मेला, तरीबी तिचं ध्यान नव्हतं. नेम मोडून ती संस्थेचं बोलायला लागली.

"आक्का, मला उभं केलं तवा मला ठावं होतं, पडायलाच केलंय. पर मी म्हटलं, पडायचं तर नीट पडू. तुम्ही सगळी सहलीला गेलता तवा मी ह्या चौघांच्या घरला गेलो. बायकास्नी भेटलो. फॅट कमी लागतंय म्हणून कोण कोण रडतंय, सगळं ऐकून घेतलं. केरबाच्या म्हातारीपाशी तर दोन तास बसलो." तिनं माझ्या हातावर पेढा ठेवला. "एका तुमच्याच घरला निरोप ठेवला न्हाय. तुम्हाला काय सांगायचं? एक मत तर हाय, ह्या धिरावर तर हिंडलो."

किटली दिवसभर का वाजत होती त्ये मला आता कळलं, पण ती तर कुणी उघडलीच नव्हती. मी पेढा तोंडात घातला. मला वाटलं, आता बोलावं. मग वाटलं, कशाला बोलावं, चेअरमन तर झाली. पडद्यावर दोघं मिठी मारत होते, म्हंजे एकजण मरणार.

तेवढ्यात राजवीर आला. चप्पल न काढता सोप्यात. अंजनाकडं त्यानं बघितलंबी न्हाय.

"काकी, बिरोबाचा भंडारा उचललाता तुम्ही," त्यो म्हणाला. "घरातल्या माणसानं गळा कापला माझा. ह्यांच्यासाठी? काका असते तर…"

आता माझ्यात एक खोट हाय. मला कोण काय बोललं तर मी ऐकून घेतो, पण केलेलं न्हाय त्ये कोण माझ्या नावावर घातलं तर माझं डोकं फिरतंय. आणि मालकांचं नाव काढलं की संपलंच.

"गळा कुणी कापला रं तुझा?" मी म्हटलं. "त्ये दुसरं मत माझं हाय. तुझ्याच नावावर फुली मारलीया मी. तुझ्या त्या चार वाघांस्नी जाऊन इचार, मिठ्या मारतोस त्यांस्नी. चप्पल काढ आधी, सारवलंय."

राजवीर हुबा राहिला. त्येचे ओठ हलले, मोजत असणार. चौघांनीबी आपल्याला फशिवलं, ह्ये त्येच्या ध्यानात आलं तसा त्यो पळतच सुटला. चप्पल काढायचा प्रश्नच मिटला.

मग मी अंजनाकडं बघितलं.

ती पडद्याकडंच बघत होती. खाली अक्षरं येत होती, पण ती वाचून सांगत नव्हती. तोवर मी बोललो, लई बोललो. भंडारा उचललाता म्हटलं. देवाचा शबूद, मोडला तर म्हशीला कायतरी व्हायचं, माझ्या गुडघ्याला व्हायचं. तू उभी हाईस ह्ये आधी ठावं असतं तर उचललाच नसता म्हटलं.

"आक्का," ती म्हणाली, "मागल्या निवडणुकीलाबी भंडारा उचललाता तुम्ही. आणि मत दुसऱ्यालाच दिलंतं. मला तुम्हीच सांगितलंतं, हितंच बसून. हसून हसून ठसका लागलाता तुम्हाला."

ह्ये तुम्हाला मी आधी सांगितलं न्हाय. सांगायचंच नव्हतं. पण खरं हाय. मागल्या खेपंला शबूद मोडला, तर म्हशीनं उलट दूध जास्ती दिलंतं. बिरोबाचं काय न्हाय ह्यात. कपाटामागं ती चिठ्ठी हातात आली तवा माझ्या डोक्यात एकच आलं, की राजवीर कसाबी असला तरी आपल्यातला हाय. कोण बघत नव्हतं. कोण इचारणार नव्हतं. तरीबी हात आपसूक तिकडंच गेला, म्हैस दावणीला जाती तसा.

अंजनानं पिशवी उचलली. पेढ्याचा बॉक्स तितंच ठेवला. "येतो," म्हणाली, आणि गेली. पिक्चर तसाच चालू होता.

दुसऱ्या दिवशी दीड वाजला, कोण आलं न्हाय. तिसऱ्या दिवशी मी एकट्यानं पिक्चर लावला. सत्तूर चालत होते, माणसं पडत होती, कोण का पडतंय काय कळंना. मालिका लावली, त्यातली बाई अजून जिन्यावरच होती. टीव्ही बंद केला. संस्थेच्या मीटिंगला अंजना माझ्याशी नीट बोलायची, "आक्का, सही," येवढं. ह्येच्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गावात राजवीर चौघांसंग भांडला, चौघं आपसात भांडले, सगळ्यांचं मिटलंबी. परत एका ताटात जेवायला लागले. माझं तेवढं मिटंना.

पंधरा दिवस झाले आणि मी उठलो. लुगडं बदललं, गुडघ्याला तेल लावलं आणि अंजनाच्या वस्तीकडं निघालो. आमच्या घरापासनं दहा मिनिटांची वाट. बुद्धविहारापतूर गेलो आणि हुबा राहिलो. म्होरं दोन बोळ होती. कुठल्या बोळात जायचं मला ठावं नव्हतं.

विहाराच्या पायरीवर एक म्हातारी तांदूळ निवडत बसलीती. "अंजनाचं घर कुठलं?" मी इचारलं.

तिनं वर बघितलं. "कोण, आक्का न्हवं? तुम्हाला ठावं न्हाय व्हय?"

ती कुचकं बोलली न्हाय. तिला खरंच नवल वाटलंतं. अख्ख्या गावाला ठावं होतं की ती रोज माझ्याकडं येती. मला तिच्या पोराची नोकरी, नवऱ्याच्या एसटीचा मार्ग, तिच्या पित्ताची गोळी, सगळं ठावं होतं. दार तेवढं ठावं नव्हतं. मला त्या पायरीम्होरं अशी लाज वाटली, की परत फिरावं वाटलं. म्हातारीनं हात करून दाखवलं, "डावीकडं, निळं दार."

अंजना दारातच होती, रजिस्टर बघत. मला बघून तिनं चष्मा काढला.

"वाट गावली?"

"इचारत आलो."

तिनं रजिस्टर मिटलं. मी दाराच्या भाईरच हुबा. गुडघा ठणकत होता, पण बस म्हणेपतूर बसायचं न्हाय असं मी ठरवूनच आलतो.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"व्हय," अंजना म्हणाली. "चुकलं."

"भंडाऱ्याचं नव्हतं त्ये."

"ठावं हाय मला."

आत कुकरची शिट्टी झाली. तिनं जाऊन गॅस बारीक केला आणि परत आली. दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडं बघत राहिली.

"अकरा वर्सं मी तुमच्या सोप्यात आलो," ती म्हणाली. "आता मी यायची न्हाय. पिक्चर बघायचा असंल तर हितं यायचं. दीडला."

"येतो," मी म्हटलं. "किती दिवस?"

"अकरा वर्सं," अंजना म्हणाली. "मग बघू."

मी चप्पल काढली आणि आत गेलो.